बाळ सांभाळणं शक्य नसेल तर: नवजात बाळ कायद्याने आणि गुप्तपणे कसं सोपवावं (खान्देशातल्या लेकींसाठी आणि त्यांच्या सोबत जाणाऱ्या बाईसाठी)

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या बहिणीची मुलगी माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. सातवा महिना सरत आला होता. लग्न झालेलं नव्हतं, तो मुलगा फोन उचलत नव्हता, घरात फक्त आईला माहीत होतं. "मावशी, माले काहीच सुचत नही," एवढंच बोलली आणि पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून राहिली.

तेव्हापासून सगळे कागद पुरे होईपर्यंत जवळपास पाच महिने मी तिच्यासोबत होते. त्या पाच महिन्यांत कोणी एका जागी बसवून सगळं सांगितलं असं झालं नाही. अर्धी गोष्ट इथे कळली, अर्धी तिथे, आणि दोन-तीन गोष्टी चक्क चुकीच्या कळल्या. पुढच्या पोरीची आणि तिच्या मावशीची अशी वणवण होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. गाव, दवाखाना आणि तारखा मुद्दाम गाळल्या आहेत. कायद्याचा भाग विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंकडून समजून घेतला होता, तोच इथे देते.

आधी एक मोठा गैरसमज दूर करा

मोबाइलवर तुम्ही अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले असतील. आई दवाखान्यात किंवा अग्निशमन केंद्रात बाळ देते, कोणी नाव विचारत नाही, ती निघून जाते. तो कायदा तिथला आहे. १९९९ साली टेक्सास राज्याने तो पहिल्यांदा केला आणि आज तिथल्या सगळ्या ५० राज्यांत तो आहे. किती दिवसांच्या बाळापर्यंत, ते राज्याराज्यांत वेगळं. जर्मनीने २०१४ पासून आईचं नाव गुप्त ठेवून बाळंतपण करण्याची सोय कायद्यात आणली.

आपल्याकडे तसा कायदा नाही. आपल्याकडे आहे बाल न्याय अधिनियम, २०१५, आणि त्यातलं कलम ३५. शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणांनी, जी आपल्या हाताबाहेरची आहेत, बाळ सांभाळणं शक्य नसेल, तर आईवडील ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे सोपवू शकतात. कार्यालयात सगळे याला 'सरेंडर' म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा, लगेच कळतं. समितीला 'सीडब्ल्यूसी' म्हणतात.

यात तुमचं नाव विचारलं जातं, लिहिलं जातं. म्हणजे हे निनावी नाही. पण ते गुप्त आहे. हा फरक नीट समजून घ्या, कारण आमच्या घरात याच एका मुद्द्यावर आठवडाभर रडारड झाली. माझ्या बहिणीचं म्हणणं होतं, "नाव लिहिलं म्हणजे गावात कळलंच." खरं तर होतं उलटं.

कोणाला कळू नये म्हणून बाळ मंदिराच्या पायरीवर, एसटी स्टँडवर किंवा केळीच्या बागेत ठेवलं, की ते कायद्याने 'सोडून दिलेलं बाळ' ठरतं. मग पोलीस येतात, आईचा शोध सुरू होतो, बाळाचा फोटो आणि वर्णन वर्तमानपत्रात छापून येतं, आसपासच्या गावांत कोण गरोदर होती याची विचारपूस होते. समितीसमोर सरेंडर केलेल्या बाळाची जाहिरात देता येत नाही, तसा नियमच आहे. सुनावणीही शक्य तितकी बंद खोलीत होते. आणि कायदेशीर सोपवणूक हा गुन्हा नाही. उलट बारा वर्षांखालच्या मुलाला उघड्यावर टाकून जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. आणि जानेवारीच्या रात्री आपल्याकडे थंडी कशी पडते ते तुम्हाला माहीत आहे. उघड्यावरचं बाळ सकाळपर्यंत राहील याचा भरवसा नसतो.

१. पहिला फोन लवकर करा

बाळ होण्याची वाट पाहू नका. आम्ही सहा आठवडे फुकट घालवले.

१०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, चोवीस तास, मोफत. १८१ हा महिलांसाठी. दोन्हीकडे आधी नाव न सांगताही माहिती विचारता येते. एवढंच म्हणा: "बाळ सांभाळणं शक्य नाही, समितीसमोर सरेंडर करायचं आहे, कोणाला भेटू?" ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी गाठ घालून देतात. हा कक्ष जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आहे आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो. फोन नको असेल तर थेट तिथे जा. गावची आशाताई विश्वासाची असेल तर तिला सांगा. विश्वासाची नसेल तर सांगू नका, तिच्याशिवायही सगळं होतं.

घरात राहणं शक्य नसेल, पोट दिसायला लागलं असेल, मारहाणीची भीती असेल, तर १८१ वरच विचारा. 'सखी' या अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात काही दिवस आणि शक्ती सदनसारख्या निवाऱ्यात जास्त दिवस राहण्याची सोय असते. नातेवाइकांकडे पाठवायची घाई करू नका. मुक्काम बदलत गेला की तितकी तोंडं वाढत जातात.

दिवस अजून कमी असतील तर गर्भपाताचाही कायदेशीर मार्ग आहे. २० आठवड्यांपर्यंत, आणि काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालामुळे लग्न न झालेल्या बाईलाही २४ आठवड्यांचा हक्क मिळाला आहे. आमच्यासाठी ती वेळ निघून गेली होती.

२. बाळंतपण दवाखान्यातच, आणि खऱ्या नावावर

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, शिवाय उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

केसपेपरवर खोटं नाव लावू नका. एका खाजगी दवाखान्यात आम्हाला हाच सल्ला मिळाला होता, "मिसेस अमुक लिहा, नवरा बाहेरगावी आहे म्हणा." खोटं नाव लागलं की पुढे बाळ तुमचं आहे हेच सिद्ध करता येत नाही, आणि सही करण्याचा हक्कही अडकतो. बापाचं नाव सांगण्याची सक्ती नाही. एकट्या आईच्या नावावर जन्मनोंद होते, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच ते स्पष्ट केलं आहे. खिडकीवरच्या माणसाने मोठ्याने "नवऱ्याचं नाव?" विचारलं तर "लग्न झालेलं नाही" असं रांगेसमोर सांगायची गरज नाही. मी त्याला म्हटलं, "मोठ्या सिस्टरशी बोलायचं आहे," आणि पोरीला आत घेऊन गेले.

भरती झाल्यावर दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मोठ्या रुग्णालयांत हे पद असतं. समितीला कळवण्याचं काम ते करतात.

आता सगळ्यात मोठा सापळा. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी एक बाई आमच्या कॉटजवळ येऊन बसली. बोलणं फार गोड. "परजिल्ह्यातलं चांगलं घर आहे, दहा वर्षं झाली मूल नाही, तुमचं बिलही भरतील, स्टँपपेपरवर लिहून घेऊ, कोणाला कळायचं नाही." माझी बहीण जवळजवळ हो म्हणाली होती. असं कोणीही म्हणालं, डॉक्टर असो, नर्स असो, नात्यातला असो, तर तिथेच थांबवा. बाळासाठी पैसे घेणं किंवा देणं ही बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली मुलाची विक्री आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्यात दवाखान्याचा कर्मचारी असेल तर त्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. 'फक्त बिल भरलं' हेही पैसेच. नात्यात दत्तक देण्यासाठी हिंदू दत्तक कायदा वेगळा आहे, त्याच्या अटी वेगळ्या आहेत, पण पैशाची देवाणघेवाण त्यातही गुन्हाच आहे. आणि स्टँपपेपरवर अनोळखी माणसाला दिलेल्या बाळाची पुढे कोणीच चौकशी करत नाही. ते घरात वाढतंय की दुसरीकडे विकलं गेलं, हे तुम्हाला कधीही कळणार नाही. समितीकडून गेलेल्या बाळाच्या घराची आधी तपासणी होते, दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, आणि नंतरही दोन वर्षं कोणीतरी जाऊन पाहून येतं.

३. पिशवीत काय काय ठेवायचं

- आईचं आधार कार्ड किंवा कुठलंही ओळखपत्र, वयाचा पुरावा
- दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल कार्ड
- बाळाची जन्माची नोंद, आणि जन्मतःच्या लसींची नोंद (बीसीजी, पोलिओ, कावीळ ब)
- आईचे पासपोर्ट फोटो
- लग्न झालेलं असेल तर नवऱ्याचं ओळखपत्र; नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला; घटस्फोट असेल तर त्याचे कागद
- सोबत येणाऱ्या मोठ्या माणसाचं ओळखपत्र

एखादा कागद नाही म्हणून परत फिरू नका. बाळाला ताब्यात घेणं कागदावर अडत नाही.

यादीत नसलेली एक गोष्ट मात्र नक्की सांगा: घरातले आजार. आपल्या भागात, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, सिकलसेल (आईबापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार) फार आहे. आईची तपासणी झालेली असेल तर तो रिपोर्ट द्या, नसेल तर बाळंतपणाच्या वेळीच करून घ्या. बाळ ज्या घरी जाईल तिथल्या आईवडिलांना हे माहीत असणं बाळाच्या जिवाशी जोडलेलं आहे, आणि ते सांगणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

४. समितीसमोर

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई असते. महिन्याचे किमान वीस दिवस बैठक होते, बहुतेक ठिकाणी बालगृहाच्या आवारात किंवा जवळपास. बैठक नसेल त्या दिवशीही एका सदस्यासमोर बाळ हजर करता येतं, म्हणून "सोमवारी या" असं उत्तर मिळालं तर हा नियम नम्रपणे सांगा. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडून येणाऱ्यांनी सकाळच्या पहिल्या गाडीने निघा. बाळाला दूध पाजून न्या, दोन जादा लंगोट, वाटी-चमचा आणि ऊबदार दुपटं घ्या.

आम्ही दोघी कोर्टासारखं काहीतरी असेल या धास्तीने गेलो होतो. समोर साधं टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. सदस्यांपैकी एका बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अहिराणीतून: "जेवनी का वं माय?" पोरगी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बोलली.

मग समुपदेशन होतं. यात ते "बाळ ठेवता येईल का" हे विचारतातच. नियम त्यांना तसं विचारायला लावतो. तुम्हाला परत पाठवायला बघताहेत असं समजून चिडू नका. बाल संगोपन योजनेसारखी मदत, घरच्यांशी बोलणं, काही दिवस बाळाला शिशुगृहात ठेवून विचार करणं, असे पर्याय ते मांडतात. खरंच ठेवायची इच्छा असेल आणि अडचण फक्त पैशाची असेल तर हे नीट ऐका, प्रश्न विचारा. इच्छा नसेल तर शांतपणे "नाही" म्हणा. एकदा, दोनदा, तीनदा म्हणावं लागेल. कोणी चारित्र्यावर बोललं, लाज काढली, तर "हे समुपदेशन नाही" असं सोबतच्या बाईने तिथेच म्हणावं. मी एकदा म्हटलं. समोरचा माणूस गप्प बसला.

सही कोणाची लागते, यात लोक सगळ्यात जास्त चुकतात:

लग्न झालेलं नसेल तर फक्त आई बाळ सोपवू शकते. आजी, आजोबा, मामा, मावशी, कोणीही तिच्याऐवजी सही करू शकत नाही. आई नसताना आजी बाळ घेऊन गेली तर ते सरेंडर होत नाही, 'सोडून दिलेलं' मध्ये जातं. आमच्या घरात आधी ठरलं होतं की पोरीला घरी ठेवून मीच जाईन; बरं झालं तसं केलं नाही.

लग्न झालेलं असेल तर नवराबायको दोघांची सही. नवरा बेपत्ता असेल, ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही असं असेल, तरी समिती बाळ घेते, पण प्रक्रिया सोडून दिलेल्या बाळाची लागते, म्हणजे शोध आणि जाहिरात आली. हे आधीच माहीत असू द्या.

आई अठरा वर्षांखालची असेल तर तीच सोपवते, सोबतचं मोठं माणूस साक्षीदार म्हणून सही करतं. पण अशा वेळी पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याखाली पोलिसांना कळवणं दवाखान्यावर आणि समितीवर बंधनकारक आहे. ते टळत नाही. मुलीचं नाव मात्र कोणालाही उघड करता येत नाही. बलात्कारातून झालेल्या बाळालाही हाच मार्ग खुला आहे.

५. सही करण्याआधी

सरेंडरचा कागद मराठीत वाचून मागा. पावरी, भिलोरी, अहिराणीतच नीट समजत असेल तर त्या भाषेत समजावून सांगायला लावा. लिहितावाचता येत नसेल तर समितीने कायदेशीर मदतीच्या वकिलाकडून अर्ज लिहून द्यायचा असतो. बायकांना ती मदत मोफत आहे, १५१०० वर फोन करूनही मागता येते. त्या कागदात साध्या शब्दांत एवढं असतं: मी माझ्या मर्जीने, कोणाच्या दबावाखाली नाही, पैसे न घेता हे बाळ देते आहे, ते देशात किंवा परदेशात दत्तक जाऊ शकतं, आणि मुदतीनंतर मला ते परत मागता येणार नाही.

'परदेशात' हा शब्द ऐकून माझ्या बहिणीने कागदावरचा हात काढून घेतला होता. त्यावर सदस्यांनी सांगितलं की देशातल्या घरांना आधी प्राधान्य असतं. तरी विचार करायचा तर तिथेच करा, घाई कोणाचीच नसते.

कुठेही फी नाही. कोणी चहापाण्याचे मागितले तर देऊ नका. कागदाची प्रत मागून घ्या. आमची प्रत माझ्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी आहे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका. फोन भावाच्या, बापाच्या हाती लागतो.

६. साठ दिवस

सहीनंतर दोन महिने विचार बदलायला मिळतात. हा भाग कोणी आवाज चढवून सांगत नाही, म्हणून मी सांगते. साठ दिवसांच्या आत आई समितीकडे लेखी अर्ज करून बाळ परत मागू शकते. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर तारीख आणि शिक्का घेऊन ती पोच जवळ ठेवा. तोंडी किंवा फोनवर सांगितलेलं पुढे सिद्ध होत नाही.

या काळात बाळ शिशुगृहात असतं, ज्याला 'विशेष दत्तक संस्था' म्हणतात. ती जवळपास नसेल किंवा भरलेली असेल तर बाळ दुसऱ्या जिल्ह्यातही जाऊ शकतं. मुदत संपली की समितीचे किमान तीन सदस्य बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करतात. त्यानंतर परत मागता येत नाही. शेवटची तारीख कॅलेंडरवर मोजून ठेवा, सोबतच्या बाईनेही ठेवावी, आणि दोन-तीन दिवस आधी तिला स्वतःहून विचारावं. मी सत्तावन्नाव्या दिवशी विचारलं. ती भाजी निवडत होती. मेथीची जुडी संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "नको मावशी. पण विचारलंस ते बरं केलंस."

७. आईच्या अंगाकडे कोण बघणार?

बाळ दिलं की सगळ्यांचं लक्ष कागदावर जातं, बाळंतीण विसरली जाते. परत येताना एसटीत तिच्या ब्लाउजवर दुधाचे दोन ओले डाग पसरले होते आणि ती ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मला हे सुचायला हवं होतं. तुम्ही जादा ओढणी, कापसाच्या घड्या आणि सैल कपडे सोबत ठेवा.

छाती दगडासारखी होते, ठणकते. गार पाण्याच्या घड्या ठेवा, आवळून बांधू नका, फार ठणकलं तर हाताने थोडंसंच दूध काढा. दूध आटण्याची गोळी डॉक्टरांनी दिली तरच. ताप आला, छाती लाल झाली, अंगावरून एकदम जास्त रक्त गेलं, किंवा घाण वास येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. गुपित उघडं पडेल म्हणून घरी बसू नका. सव्वा महिन्याची विश्रांती हिलाही लागते, बाळ जवळ नसलं तरी.

मनाचंही तेच. झोप न लागणं, जेवण न जाणं, "मी नसते तर बरं" असं बोलणं, हे ऐकलं की १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतून मोफत बोलता येतं. त्या दिवसांत तिला एकटं झोपू देऊ नका.

पाळण्याबद्दल, आणि बाळ सापडलं तर

काही शिशुगृहांच्या आणि दवाखान्यांच्या बाहेर पाळणा ठेवलेला असतो. त्यात बाळ ठेवून निघून जाता येतं, नाव कोणी विचारत नाही. उघड्यावर टाकण्यापेक्षा तो शंभर पटींनी चांगला, बाळ जगतं. पण असं बाळ 'सोडून दिलेलं' धरलं जातं, आणि त्याचे आजार, त्याचं कूळ, काहीच नोंदलं जात नाही. परिस्थिती आईच्या हाताबाहेरची होती असं दिसलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ तिला शिक्षा करत नाही. तरी ते चौकशीत ठरतं. म्हणून वेळ हाताशी असेल तर समितीचाच रस्ता धरा.

तुम्हाला स्वतःला बाळ सापडलं तर आधी ऊब द्या, अंगाशी धरा. मग १०८, आणि १०९८ किंवा ११२. चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. घरी ठेवून घेऊ नका, देवाने दिलं म्हणूनही नाही. आणि फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, शिवाय तो फोटो त्या बाळाच्या मागे आयुष्यभर राहतो.

८. पुढे कधी बाळ शोधत आलं तर

हा प्रश्न सहीच्या दिवशी कोणाला सुचत नाही, म्हणून आधीच ठरवून जा. दत्तक गेलेलं मूल अठरा वर्षांचं झाल्यावर आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करू शकतं, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. तिसऱ्या माणसाला ती माहिती मिळत नाही. जन्मदात्या आईने आपलं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची संमती घेतल्याशिवाय ते मुलालाही देत नाहीत. म्हणून समितीसमोरच स्पष्ट सांगा: गुप्त ठेवा, की विचारलं तर सांगा. सांगितलेलं कागदावर आलं आहे का ते बघा.

आमच्या पोरीने सांगितलं, "नाव गुप्त ठेवा. पण ते विचारायला आलं, तर आधी माले विचारा." लिहिणाऱ्या ताईंनी ते जसंच्या तसं मराठीत उतरवून वाचून दाखवलं. शिशुगृहाच्या सिस्टरने बाळ हातात घेतलं तेव्हा वर आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं होतं, तांबड्या काठाचं. ते काढून परत देतील म्हणून मी हात पुढे केला. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या, बाळासोबतच्या वस्तूंत लिहून घेते," आणि रजिस्टरमध्ये एका ओळीत लिहिलं: दुपटं एक, हाताने शिवलेलं.